आबांचं बहिरेपण

सुनेनं परस्पर आबांचं नाव कान तपासणीसाठी नोंदवून टाकलं. वस्तीच्या रुग्णालयात कान फुकट तपासून मिळतात, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. आबांचे कान ठणठणीत होते. आठ वर्षांपूर्वी सर्दीनं ते आठवडाभर बंद झाले होते. त्या आठवड्यात त्यांना कुणी दूध आणायला पिटाळलं नाही की नवरा-बायकोच्या भांडणात साक्षीला ओढलं नाही. सर्दी गेली, बहिरेपण तेवढं आबांनी ठेवून घेतलं.

पण आता पंचाईत वेगळीच होती. सून रोज भाजी निवडताना त्यांच्यासमोर बसून मनातलं सगळं बोलायची. नणंदेचे टोमणे, नवऱ्याचा हेकटपणा, कधीकधी नुसतंच रडू. हा म्हातारा सगळं ऐकत होता हे कळलं, तर ती पुन्हा आपल्याशी बोलेल कशाला?

तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि कागदावर लिहून दाखवलं, ‘आवाज आला की दाबा.’ दाबायचंच नाही, असं आबांनी पक्कं ठरवलं होतं. बारीक आवाज आला, मोठा आला. आबा ढिम्म.

पण माणसाची हयात वाद्यं सुरात लावण्यात गेलेली. डाव्या कानात एक सूर वाजला, मग तोच उजव्या कानात. तोच, पण केसभर उतरलेला. आबांनी दातओठ खाऊन सहन केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र राहवेना.

“बाई, उजवीकडचा उतरलाय. डाव्याशी मिळवून घ्या.”

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी यंत्रवाल्याला. यंत्रवाल्यानं पाहिलं, तर खरंच उतरला होता. डॉक्टर इतके खूश झाले की दार उघडून बाकावरच्या सुनेला म्हणाले, “असे कान आख्ख्या वस्तीत नसतील हो.”

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघं बसथांब्यावर आली.

“सूनबाई, चुकलं माझं,” आबा शेवटी म्हणाले.

“मला माहीत होतं, आबा. माझं डोकं दुखतंय म्हटलं की तुम्ही आपण होऊन चहा ठेवायचात. बहिऱ्या माणसाला कसं कळायचं?”

“मग इथं कशाला आणलंस?”

“परवा मी म्हटलं, माझ्या बापानंही माझं एवढं ऐकून घेतलं नाही, जेवढं आबा घेतात. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. म्हटलं, आता खरंच गेले कान. मग मी बोलायचं कुणाशी?”

“अगं, डोळे भरून आले होते. मान वर केली असती तर पकडलो गेलो असतो.”

सून हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून आबांचा मुलगा विचारत होता, “काय म्हणाले डॉक्टर?”

तिनं एकवार आबांकडे पाहिलं.

“काही उपयोग नाही म्हणाले,” ती म्हणाली. “दोन्ही कान पार कामातून गेलेत.”

आबा निमूटपणे बसची वाट बघत राहिले.