मनमाडचा आवाज

आमच्या खालच्या मजल्यावरचे निकम सर दर रविवारी संगणकातल्या बायकांना नापास करतात. परीक्षेची मांडामांड मी करायची. आठवडाभर अंबडच्या कारखान्यात यंत्रांशी डोकं लावून झालं, की सुट्टीच्या सकाळी खालून हाक येते, "अरे मिलिंद, येतोस ना?" नाही म्हणायचंही त्राण नसतं, म्हणून मी जातो.

सर चांदवडला मराठी शिकवायचे. काचबिंदूने दृष्टी गेली, पण आठवणी लिहायची हौस काही गेली नाही. ते टाइप करतात आणि संगणक वाचून दाखवतो. मात्र सगळं एकाच आवाजात वाचलेलं त्यांना खपत नाही. "सगळी उत्तरं एकच पोरगं द्यायला लागलं, तर वर्ग कशाला म्हणायचा?" म्हणून मथळ्यांना जाडाभरडा आवाज, त्याचं नाव हेडमास्तर. चुकलेल्या शब्दांना किरटा, तो पर्यवेक्षक. हेडमास्तर जरा भरभर बोलले की बोलणी मी खातो.

घोडं अडलं होतं ते निकम काकूंच्या आवाजापाशी. काकू माहेरच्या मनमाडच्या. सरांचं लिखाण त्याच वाचून दाखवायच्या, आणि वाचता वाचता भांडायच्या. मग अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली. आता त्या डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, सरांच्या मजकुरात शेरे घालतात. ते शेरे वेगळ्या आवाजात यायला हवेत, आणि आवाज मनासारखा लागेपर्यंत सर एकही शेरा ऐकायला तयार नव्हते.

"ही पुण्याची आहे. पुढची लाव."

"सर, वेग कमी केलाय."

"आता बँकेतून बोलतेय. नापास."

"सर, मनमाडची बाई यात मिळत नाही हो!"

"मग पट्टी उतरव."

पट्टी उतरवली की बाई आजारी वाटायची, चढवली की शाळकरी. शेजारी खाटेवर काकू कपाळाला हात लावून बसलेल्या. बोलता येत नाही, ते लिहिलेलं तरी नवऱ्याने ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी पार कंटाळलो होतो आणि सरांचा मला खरंच राग यायला लागला होता.

गेल्या रविवारी काकूंनी माझं मनगट धरलं आणि की-बोर्डकडे बोट दाखवलं. मी सरांना न विचारताच वाचन सुरू केलं. आवाज तोच, पुण्याचा म्हणून नापास झालेला. सरांनी लिहिलं होतं, लग्नानंतर मी हौसेने पोहे केले आणि सौभाग्यवतींनी ते आवडीने खाल्ले. त्यामागोमाग ती परकी बाई सपाट सुरात म्हणाली,

"अहो, खोटं नका लिहू. पोहे करपले होते. तुमचा चेहरा बघून खाल्ले. पातेलं अजून काळं आहे."

मी घाईघाईने म्हणालो, "थांबा सर, पट्टी बदलतो."

"हात लावू नकोस." त्यांनी खुर्ची खाटेकडे सरकवली आणि चाचपडत काकूंचा डावा हात धरला. "हीच आहे ती. लाव पुढचं. बघू, अजून काय काय खोटं लिहिलंय मी."