तुलनेचा चेहरा

ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, हा एक अशास्त्रीय समज आहे. ऊन हुद्दा बघून पडतं. रस्ते खात्यात साहेबांवर ते गाडीपासून दारापर्यंत पडे, भांडारपालांवर कोपऱ्यावरच्या चहापर्यंत (सावलीच्या बाजूनं गेल्यास तेही नाही), आणि मोजणीबाईवर सकाळी नऊपासून टेप गुंडाळेपर्यंत. ही बाई खांद्यावर तिपाई घेऊन रस्त्यांची रुंदी मोजत हिंडे. तिचं खरं नाव खात्यात फक्त पगाराच्या दिवशी घेतलं जाई.

तिचं नाक सोलपटलं होतं आणि डावा गाल लालबुंद झाला होता. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बाहेर पडताना सनस्क्रीन, घरी आल्यावर मॉइश्चरायझर. हयगय केलीत तर हा गाल तुम्हाला रडवेल." ती पदरमोड करून दोन्ही लावू लागली आणि तिला उतारही पडला. पण बूट खातं देतं, शिट्टी खातं देतं, मग हेच का नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिनं अर्ज केला. बरं चाललेलं असताना माणसाला असं काहीतरी सुचतं.

खात्यानं अर्जाची इतकी गंभीर दखल घेतली, की थेट 'चेहऱ्यास लावावयाच्या द्रव्यांची घटकनिहाय व त्वचानिहाय तुलना समिती' नेमली. अध्यक्ष साहेब, सचिव भांडारपाल, आणि दोन सदस्य कोरम भरण्यापुरते. समितीच्या अभ्यासाला नावं ठेवायला जागा नाही. ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं त्यांनी भिंग लावून वाचली. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन नाजूक त्वचेला सोसतं, पण चेहरा चुना लावल्यासारखा दिसतो (खात्याच्या परंपरेला हे धरूनच आहे, असं एका सदस्यानं नोंदवलं). दुसऱ्या जातीचं सनस्क्रीन अंगावर दिसत नाही, पण घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. कोरड्या त्वचेला ग्लिसरीन आणि सेरामाइड, तेलकट त्वचेला पातळ जेल, आणि सुगंध कुणालाच नको, असं एकमतानं ठरलं. सुगंधी नमुने नंतर कपाटात सापडले नाहीत.

मग प्रत्येकाची त्वचा ठरवणं आलं. तोंड धुवायचं, तासभर काही न लावता बसायचं आणि कपाळाला टिपकागद लावायचा. नुसतं बसण्याचा भाग समितीला चांगलाच जमला. साहेबांची त्वचा संवेदनशील निघाली. त्यासरशी बाकीच्यांनाही चुरचुरू लागलं, तेव्हा 'संवेदनशील त्वचा अध्यक्षांखालील कर्मचाऱ्यास अनुज्ञेय नाही' असं परिपत्रक काढावं लागलं. भांडारपालांना मिश्र त्वचा मंजूर झाली. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला.

नमुने समितीनं जबाबदारीच्या जाणिवेतून स्वतःच्याच चेहऱ्यांवर वापरले. महिनाभर, एसीत, पडदे ओढून. निकाल थक्क करणारा होता. एकही चेहरा रापला नाही. यश शंभर टक्के!

"पण साहेब," भांडारपाल म्हणाले, "न लावल्यास काय होतं, तेही दाखवायला हवं. नाहीतर तुलना कशाशी करायची?"

नेमकी त्याच वेळी मोजणीबाई दारात उभी होती. ट्यूब कधी मिळणार, एवढंच विचारायला आली होती बिचारी.

"या ताई, अभिनंदन!" साहेब म्हणाले. "तुलना-गटात तुमची निवड झाली."

"म्हणजे ट्यूब मिळणार?"

"तीच तर मिळणार नाही. घरची लावायची नाही, तोंडाला रुमाल बांधायचा नाही आणि छत्रीचं तर नावच काढू नका."

"अहो, माझा गाल बघा तरी!"

"बघतोय ना," साहेब कौतुकानं म्हणाले. "असा गाल अख्ख्या खात्यात दुसरा नाही."

"निदान एक गाल तरी झाकू द्या."

समितीनं सहानुभूतीपूर्वक विचार केला. अर्ध्या चेहऱ्यानं आकडे अर्धवट येतील, म्हणून विनंती नामंजूर झाली. बाईचं कंत्राट साहेबांच्या सहीनं वाढत असे. ती "बरं" म्हणाली.

गालाची साल निघू लागली. एका संध्याकाळी लेक धावत गळ्यात पडायला आली आणि मध्येच थबकली. "आई, तुला दुखेल," म्हणत तिनं लांबूनच हवेत पापा दिला. मोजणीबाईला रडू कोसळणारच होतं, पण खारट पाण्यानं गाल आणखी झोंबतो हे आता अनुभवानं ठाऊक होतं, म्हणून तिनं ते गिळलं. मग तिला राग आला. चांगलाच आला.

दुसऱ्या दिवशी ती तडक समितीपुढे गेली. "माझं तोंड मला परत पाहिजे. कंत्राट गेलं खड्ड्यात!"

समिती गडबडली. तुलना-गट बोलू लागल्यास काय करावं, याची तरतूदच नव्हती. शेवटी साहेब समजुतीनं म्हणाले, "सोडतो हो तुम्हाला. सनस्क्रीन देतो, मॉइश्चरायझरही देतो. पण बदली चेहरा द्या. उन्हात तासनतास उभा राहणारा, तोंडाला काही न लावणारा, आणि मुख्य म्हणजे ब्र न काढणारा. असा एक तरी आणून दाखवा."

"एकच?" म्हणत मोजणीबाईनं खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला सारला.

खाली आवारात दाखल्याच्या खिडकीपुढे रांग होती, रणरणत्या उन्हात. वरचं छप्पर मंजूर होतं, बसवायचं तेवढं राहिलं होतं. रांगेत मधोमध तुम्ही होतात. हो, तुम्हीच. कपाळावर फाइल आडवी धरून. खिडकीतल्या माणसानं "जेवणाची सुट्टी!" म्हणत फळी पाडली, तेव्हा तुम्ही घाम पुसलात आणि मागच्याकडे वळून हसत म्हणालात, "चालायचंच."

साहेबांना तुमचा चेहरा पाहताक्षणी आवडला. मोजणीबाई दोन्ही ट्यूब घेऊन घरी गेली. छपराचं काम त्याच दुपारी थांबवण्यात आलं, कारण सावली पडली की तुलना बिघडते. अहवाल येईपर्यंत कृपया तोंडाला काही लावू नये. आपली संमती गृहीत धरली आहे, कारण आपण काही बोलला नाहीत.