शत्रू सोबत आणावा

निवृत्त घड्याळजींची नात सुट्टीला आजोळी येणार की नाही, हा प्रश्न शेवटी सुरक्षेच्या मुद्द्यावर अडला. जावई दुसऱ्या देशातला. माणूस गुणी, सासऱ्यांशी अदबीने बोलणारा. पण त्यांच्याकडे घरोघरी छत्री असावी तशी बंदूक असते.

"बाबा, घरात बंदूक नसताना मुलीला पाठवू कशी?" त्याने फोनवर मनापासून विचारलं. "आमच्याकडे अशा घरी मुलं पाठवत नाहीत."

"आमच्याकडे बंदूक असलेल्या घरी पाठवत नाहीत," घड्याळजी म्हणाले.

"मग चोर आला तर काय करता?"

घड्याळजींनी खरं ते सांगितलं. जिन्यात खुट्ट झालं की समोरच्या दारातले चष्मेवाले "कोण आहे रे तिकडे?" म्हणून ओरडतात. मग घड्याळजी ओरडतात. मग अख्खी इमारत दिवे लावते आणि सगळ्यांचा चहा होतो. चहा पाजणाऱ्यांच्या हवाली मुलगी करायला जावयाचं मन धजेना.

शेवटी नातीसाठी घड्याळजी परवाना कार्यालयाची पायरी चढले.

"जिवाला धोका कोणापासून?" साहेबांनी विचारलं.

"तसा कोणापासूनच नाही."

"काका, विनाकारण दिलेली बंदूक विनाकारण चालते. परवाना शत्रू असेल तरच. त्याला सोबत घेऊन या, ओळख पटवायला."

घड्याळजींनी आयुष्यभर लोकांची घड्याळं सांगितल्या दिवशी दिली होती. त्या नादात शत्रू जमवायचं राहूनच गेलं. संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटावर चष्मेवाल्यांनीच तोड काढली.

"अरे, मी येतो की! पोरीसाठी एवढंही नाही करणार?"

दोघे एकाच बसने गेले. तिकिटं शत्रूने काढली. साहेबांनी दोघांना वैराला शोभेल इतक्या अंतरावर बसवलं आणि परवाना मंजूर केला. मग ते चष्मेवाल्यांकडे वळले.

"आता तुमच्या शत्रूच्या हाती बंदूक आली. म्हणजे तुमच्या जिवाला धोका. तुम्हीही घेऊन टाका. शत्रू सोबत आहेच, पुन्हा हेलपाटा कशाला?"

हेलपाटा वाचत असेल तर नको कोण म्हणेल? चष्मेवाल्यांनीही परवाना घेतला.

परवान्याला अट एकच होती: शत्रूशी सलोखा आढळल्यास तो रद्द. पट गुंडाळला गेला. पहिले काही दिवस दोघे एकमेकांना चोरून हात करत. मग घड्याळजींना वाटू लागलं, हा शत्रू व्हायला इतक्या सहज तयार झालाच कसा? तिकडे चष्मेवाल्यांना वाटलं, याने एकदाही नको म्हटलं नाही! दारं बंद झाली. आता जिन्यात खुट्ट झालं की कोणी ओरडत नाही. दोन्ही दारांआड फक्त घोडा ओढल्याचा आवाज येतो.

"अहो, मांजर आहे ती," घड्याळजींच्या बायकोला रोज सांगावं लागतं.

बंदूक आल्याचं घड्याळजींनी मोठ्या हौसेने फोनवर कळवलं. जावई खूष झाला. मग लेकीने फोन घेतला.

"बाबा, समोरच्या काकांकडेही आहे म्हणे?"

"हो. पण तो फक्त कागदोपत्री शत्रू आहे गं."

"दारासमोर बंदूकवाला शत्रू, आणि तिथे पोरीला पाठवू? काहीतरीच काय बाबा!"

नातीच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून भिंतीवर खाली टांगलेलं छोटं घड्याळ त्यांनी उतरवून ठेवलं. त्यांना फार वाईट वाटलं. त्या खिळ्यावर आता बंदूक असते.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. रोज दोन बंदुकांच्या मधून जिना चढताना जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून मीही कार्यालयात जाऊन आलो. साहेब म्हणाले, "ते दोघे एकमेकांच्या नावावर लागलेत. तुम्ही तुमचा आणा." माझा कोणी शत्रू नाही. पण तुम्ही इथवर वाचलंत, दोघा म्हाताऱ्यांना मनसोक्त हसलात. माणूस भला दिसता. उद्या सकाळी मोकळे आहात का? तुमचंही काम त्याच फेरीत होऊन जाईल. बसचं तिकीट मी काढतो.