तांबोळी सरांचे निनावी कण

तांबोळी सर हजेरी घेताना नावं पुकारत नसत, डोकी मोजत. "चौदा. कोण आलंय याच्याशी मला कर्तव्य नाही." तिसऱ्या वर्षाला ते आम्हाला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवत, म्हणजे वायूतल्या अब्जावधी कणांचं वागणं एकेकाच्या मागे न धावता कसं ओळखायचं ते.

"सारखे कण निनावी असतात. दोघांनी जागा बदलल्या तर नवीन काही घडलं का? नाही. मग दोनदा कशाला मोजता?" हे कॅन्टीनमध्येही चाले. तिथे बिनसाखरेचा चहा कोणाचा असं विचारलं, तर "ठेवा कसेही, सगळे सारखेच" म्हणाले आणि मधुमेह असून साखरेचा पिऊन मोकळे झाले.

चाचणीत प्रश्न होता: चार सारखे कण तीन कप्प्यांत किती प्रकारे ठेवता येतील? मी प्रत्येक कण वेगळा धरून एक्याऐंशी लिहिलं. पेपरावर लाल शेरा आला, "कणांची बारशी कधी केलीत? आम्हाला बोलावणं नव्हतं." तो त्यांनी वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवला. मला त्यांचा भयंकर राग आला.

मग फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आईची नोकरी, त्यामुळे दिवसभर घरी मीच. परीक्षा देणार नाही, असं मी कॉलेजला कळवून टाकलं.

त्या रविवारी सर कसब्यातून दोन बस बदलून विश्रांतवाडीला आमच्या दारात हजर. अभ्यासाबद्दल अक्षर काढलं नाही. आईकडून तीन वाट्या मागून घेतल्या, खिशातल्या पुडीतून चार चणे काढले आणि बाबांसमोर ठेवले.

"साहेब, हिला मोजता येत नाही. आपण उजव्या हाताने चणे वाटत चला, ही लिहून घेईल."

बाबांच्या बोटांतून चणा निसटायचा. सर वाकून उचलून द्यायचे. दुपारभरात पाच मांडण्या झाल्या. सगळ्या पंधरा व्हायला तीन रविवार लागले. पंधरावी जमली तेव्हा बाबा आजारपणात पहिल्यांदा हसले, आणि मी परीक्षेला बसायचं ठरवलं.

पेपर झाला, निकाल लागला, मी पास झाले. सर तरीही दर रविवारी येत राहिले. एकदा न राहवून विचारलं, "सर, रविवारी तुम्हाला घरी कामं नसतात?"

"घरी मी एकटाच," चणे पुडीत भरत ते म्हणाले. "एक माणूस, एक खोली. मांडणी एकच होते हो. त्यात मोजायला काही नाही."

या माणसाचा आपण इतका राग केला, याची मला लाज वाटली. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "सर, ताटं वाढलीयेत, जेवूनच जा." दर वेळी घाईघाईने चपला घालणारे सर त्या दिवशी हात धुवायला गेले.