पोर्टला माणसाचं नाव

यंत्रालासुद्धा आपली माणसं ओळखता आली पाहिजेत, असं वृषभचं ठाम मत होतं! कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नेमिनाथ आण्णांच्या गुळाच्या पेढीत तो तात्पुरता कॉम्प्युटरवाला होता. सगळ्या खोल्यांच्या केबली एका डब्यात येतात, त्या स्विचवर प्रत्येक पोर्टला कंपनीनं आकडा दिलेला असतो. वृषभनं आकडे झाकून टाकले आणि ज्या खोलीत जो बसतो त्याचं नाव घातलं. आण्णा, हंबीरराव, स्वप्नाली आणि कायम होईपर्यंत मिळालेल्या कोपऱ्यातल्या टेबलासाठी स्वतःचंही.

"आकडं कोण पाठ करणार? नाव वाचलं की माणूस डोळ्यांसमोर!" त्यानं हिशेब बघणाऱ्या स्वप्नालीला ऐटीत सांगितलं. ती नुसती "बरं" म्हणाली.

आज आण्णांची दुबईच्या गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलणी होती. "मधी अडकलं न्हाई, तर तुला कायम करतो," असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. मावसभावाचं लग्न उरकून वृषभ मलकापूरहून आला तो थेट स्विचच्या खोलीत घुसला. फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतले हंबीरराव कामाच्या वेळी मॅच लावतात, हे जगजाहीर. वृषभनं त्यांच्या नावाचं नेट आवळलं आणि सगळा जोर आण्णांच्या नावाला दिला.

बोलणी सुरू झाली आणि आण्णांची आरोळी आली. "वृषभ! पावण्याचं उघडलेलं तोंड मिटंना झालंय की!"

हे हंबीररावच असणार! वृषभ पेटला. त्यानं हंबीररावांचं नेट पार बंद केलं. वर स्वप्नालीचंही केलं, उगीच कसर राहायला नको.

"आता तर पावणंच गायब झालं!"

"आण्णा, तुमचं नाव तर हिरवंगार दिसतंय!"

"नाव हिरवं आसंल, मी लाल झालोय!"

तेवढ्यात आण्णांच्या केबिनमधून हंबीररावांचा आवाज घुमला. "गोल! काय नेट पळायलंय आज! नाद खुळा!"

वृषभ धावला. आण्णांच्या खुर्चीत हंबीरराव!

"तुम्ही हितं कसं?"

"काल वास्तूवाला आलता. आण्णांचं तोंड पूर्वेला पायजे म्हणाला, म्हणून आमी दोघांनी खोल्या बदलल्या. तू लग्नात जेवत हुतास न्हवं?"

माणसं हलली होती, भिंतीतल्या केबली जागच्या जागी होत्या. वृषभ स्विचकडे पळणार, एवढ्यात लॅपटॉप छातीशी धरून आण्णाच धापा टाकत आले. हंबीररावांना उठवून, तिथली केबल लॅपटॉपला लावून ते जुन्या खुर्चीत बसले, तोंड पश्चिमेला. पावणे दिसले, हसले, आणि सौदा ठरला!

आण्णांनी घाम पुसला. "वास्तूवाला गेला खड्ड्यात! वृषभ, तुला कायम केला. पण आजपासनं ज्यानं त्यानं आपापल्या नावाच्या जागी बसायचं. कुणी हलायचं न्हाई!"

वृषभनं आण्णांना वाकून नमस्कार केला. तो ऐटीत आपल्या नावाच्या जागी जाऊन बसला. मग टेबलाला लागून असलेल्या संडासात कुणीतरी फ्लश ओढला आणि आपण किती कायम झालोय, ते त्याच्या ध्यानात आलं.