आतल्या कॉम्प्युटरचा स्वर्गीय आशीर्वाद

देवळाली प्रवऱ्यात पहिला लेझर प्रिंटर मी आणला. पहिली रंगीत लग्नपत्रिका मी छापली. आणि १९९९च्या उन्हाळ्यात अख्ख्या राहुरी तालुक्यात कुणी ऐकलीसुद्धा नव्हती अशी वस्तू माझ्या 'योगेश ऑफसेट'मध्ये चालू होती. कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर! खरं तेच सांगतोय. ते बढाईसारखं ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.

झालं होतं असं, की पत्रिका जुळवायचं माझं मराठी सॉफ्टवेअर जुनं आणि कॉम्प्युटर नवा. दोघांचं पहिल्या दिवसापासून पटेना. तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या वर्गमित्रानं, नितीननं, एक सीडी दिली. ती चढवली की नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकोन उघडायचा आणि त्या चौकोनात चक्क दुसरा, जुन्या चालीचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा! त्याला ना डबा, ना वायर. पण आपण खोटे आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसायचं. माझं मराठी सॉफ्टवेअर त्याच्यात माहेरी आल्यासारखं नांदायला लागलं.

"मालक," काकासाहेबांनी विचारलं, "आतल्याला ताप आला तर गोळी भायेरच्याला द्यायची का?"

काकासाहेब म्हणजे माझ्याकडचे जुने कामगार. तीस वर्षं हातानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेले. त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता आणि माझ्यावर तर त्याहून नव्हता.

"काकासाहेब, ताप आला तरी चिंता नाही!" मी म्हणालो. "आतल्या कॉम्प्युटरवर केलेलं काम तो कच्चं धरतो. आपण 'पक्कं कर' म्हटलं तरच पक्कं. मध्येच काही बिघडलं तर कच्चं सगळं टाकून द्यायचं, की गाडी मागच्या पक्क्या दिवसावर परत!"

"आन 'पक्कं कर' म्हनायचं राहिलं तर?"

"राहील कसं? मी आहे ना!"

मी १२ एप्रिलला संध्याकाळी एकदा पक्कं केलं होतं. त्यानंतर कामच इतकं होतं, की रोज रात्री त्याला नुसता झोपवायचो आणि सकाळी उठवायचो. झोपेतून उठला की तो आदल्या दिवशीचं सगळं बरोबर सांगायचा. मग पक्कं कशाला करायचं?

आता या १२ एप्रिलचीच गंमत ऐका. त्या दिवशी आमच्या गल्लीतले कानिफनाथअण्णा मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले. मुलगी अश्विनी, मुलगा मिरजगावचा ओंकार, लग्न १६ मेला. नावांची यादी सांगता सांगता अण्णा 'स्वर्गीय आशीर्वाद' या सदरापाशी आले.

"ल्ही. कैलासवासी आमचे वडील. कैलासवासी आमची आई. आन कैलासवासी रंभाजी."

माझी बोटं थांबली. रंभाजीआबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. सुप्याला राहतात आणि ठणठणीत आहेत.

"अण्णा, आबा तर जिवंत आहेत!"

"माज्यासाटी मेला त्यो! बारा वर्सं झाली. त्याच्या पोराच्या लग्नात समद्या गावाला फेटे बांदले, आन सख्ख्या भावाची पाळी आली तवा म्हनं, फेटे संपले! ल्ही तू!"

गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं, हा माझा बाणा. मी लिहिलं, संध्याकाळी पक्कं केलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अश्विनीला हे कळलं. पोरगी लहानपणी आबांच्या खांद्यावर वाढलेली. तिनं बापाला सरळ सांगितलं, "थोरलं आबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढनार न्हाई." आणि एकटी एसटीत बसून सुप्याला गेली. तिथं काय बोलली ते तिलाच ठाऊक, पण आबा आले! दोघं भाऊ माझ्या प्रेसमध्ये शेजारी शेजारी बसले. आबांची एकच अट होती, पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव त्यांचं. अण्णांनी स्वतः सांगितलं, "ठळक अक्षरात घे रं, योगेश." मी 'स्वर्गीय आशीर्वादा'तून आबांना बाहेर काढलं आणि निमंत्रकांत सगळ्यात वर बसवलं. आधी ते कुठं बसले होते, हे अर्थातच कुणी त्यांना सांगितलं नाही. अण्णांचे डोळे भरून आले होते. माझेही. नंतर नगरला बस्त्याला आबा गेले आणि ओंकारच्या वडिलांबरोबर दोन प्लेट भजी खाऊन आले. सगळं गोड झालं!

आणि २८ एप्रिलला नितीनकडून एसटीच्या पार्सलनं नवी सीडी आली. त्या प्रोग्रामची सुधारलेली आवृत्ती! सोबत चिठ्ठी होती, 'आधी वाच, मग बटण दाब.' नितीन पहिल्यापासून भित्रा.

नवी आवृत्ती चढवायची तर आतला कॉम्प्युटर झोपवून चालत नाही, पूर्ण बंद करावा लागतो. मी बंद केला. पडद्यावर इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न आला. इंग्रजीला मी घाबरत नाही. पण पत्रिकेची छपाई खोळंबली होती, मशीन तापून तयार होतं आणि कॉम्प्युटरचे प्रश्न काय, 'नक्की ना?' एवढंच विचारायला असतात. मी दणकन होकार दिला. दहा मिनिटांत नवी आवृत्ती बसली. काय तिचा वेग! चौकोन असा उघडला, की काकासाहेब दोन पावलं मागं सरले.

पत्रिकेची फाईल जागेवर होती. वर गणपती, खाली अश्विनी, खाली ओंकार.

"मालक, एकदा वाचून घेऊ का?" काकासाहेब म्हणाले.

"पंधरा दिवस वाचतोय की! एक हजार प्रती काढा."

पत्रिका छापल्या, हळदीकुंकू लावून गावोगावी गेल्या. अण्णांनी वाचली नाही का, असं तुम्ही विचाराल. वाचली की! पण लग्नपत्रिकेत माणूस फक्त स्वतःचं नाव वाचतो. ते सापडलं, की पत्रिका बरोबर असते.

चार दिवसांनी प्रेसमधला फोन वाजला. मिरजगावहून ओंकारचे वडील होते. अण्णांकडे फोन नव्हता, म्हणून निरोप माझ्याकडे.

"लई वाईट झालं हो," ते म्हणाले. "बस्त्याला तर चांगले हुते. भजी खाल्ली आमच्यासंगं. रंभाजीराव असं अचानक जातील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या भगिनी भामाबाई हितंच दिल्यात ना, त्या तर रडत सकाळच्या गाडीनं सुप्याला गेल्या. आता तिकडं सुतक, तवा सोळा तारखेचं लग्न काय होत न्हाई. दिवाळीनंतर बघू. कानिफनाथांना सांगा."

मी सुन्न झालो. पण अशा प्रसंगी धीर धरणारा एक माणूस लागतो. तो मीच! मी काकासाहेबांना दशक्रियेच्या कार्डाचा मजकूर काढून ठेवायला सांगितला, कारण धंदा तो धंदा. जीप ठरवली आणि मगच अण्णांना कळवलं.

अण्णा उभ्या उभ्या खाली बसले. जीपमध्ये राहुरीपासून नगरपर्यंत एकच वाक्य, "फेट्यापायी, योगेश! एका फेट्यापायी बारा वर्सं बोललो न्हाई रं!" अश्विनी मागच्या सीटवर नुसती बाहेर बघत होती. ती रडत नव्हती, त्याची मला जास्त भीती वाटली.

सुप्याला आबांच्या दारात जीप थांबली. ओट्यावर भामाबाई आडव्या पडलेल्या. त्यांच्या उशाशी एक म्हातारा बसून त्यांना कसल्याशा जाड कागदानं वारा घालत होता.

तो म्हातारा म्हणजे रंभाजीआबा!

"या!" आबा म्हणाले. "भामी मला बघून चक्कर येऊन पडली. सकाळपास्नं सात मान्सं येऊन गेली भेटायला. मीच समद्यांना चहा पाजतोय."

"दादा!" अण्णांनी ओट्यावर उडी घेतली आणि आबांच्या गळ्यात पडून लहान पोरासारखे रडायला लागले. अश्विनीही तिथंच पायरीवर बसून रडायला लागली. आबा मात्र हलले नाहीत. त्यांनी भावाला हळूच बाजूला केलं आणि हातातला कागद पुढं धरला. लग्नाची पत्रिका होती.

"कानिफ, ह्ये वाच."

'स्वर्गीय आशीर्वाद' या सदरात तिसरं नाव, 'कै. रंभाजी'. निमंत्रकांत आबांचं नावच नाही!

ही तर १२ एप्रिलची पत्रिका! तो लांबलचक इंग्रजी प्रश्न मला तेव्हा कुठं समजला. 'कच्चं काम टाकून देऊ का?' असं तो विचारत होता, आणि मी दणकन हो म्हटलं होतं. पण धंद्यातल्या माणसानं डगमगून चालत नाही.

"आबा, घाबरू नका!" मी पुढं झालो. "चूक कुणाचीच नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर आहे."

"पोटात?"

"हो. बाहेरच्याची नवी आवृत्ती आली, तेव्हा आतला मागच्या तारखेला गेला. बारा एप्रिलला."

"बरं. मग बारा एप्रिलला आतल्याला कुनी सांगितलं, मी मेलो म्हनून?"

"आबा, कॉम्प्युटर स्वतःच्या मनानं कधीच काही लिहीत नाही!" मी अभिमानानं म्हणालो. "त्याला जे सांगितलं, तेच तो..."

आणि मी थांबलो. फार उशिरा थांबलो. आबांनी मान वळवून अण्णांकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

अण्णांची मान खाली. भामाबाईंनी एक डोळा उघडला आणि परत मिटला. अश्विनी उठून उभी राहिली. लग्न सुतकानं मोडलं नव्हतं, आता ते माझ्या स्पष्टीकरणानं मोडणार होतं.

"सांगितलं, दादा," अण्णा म्हणाले. "रागात सांगितलं. पन नंतर तुजं नाव म्याच वर लावाय सांगितलं. तुज्या म्होरं!"

"व्हय, ते म्या ऐकलंय." आबा माझ्याकडे वळले. "ते का न्हाई छापलं?"

"ते तो विसरला, आबा."

"मंजी, भाव रागात बोलला ते ध्यानात ठिवलं, आन ग्वाड झालं ते इसरला?"

"हो."

आबांनी पत्रिकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"आरं, मग त्ये यंत्र न्हाई! त्यो आपला भावबंद हाय! आपन दोगांनी बारा वर्सं दुसरं काय केलं रं, कानिफ?"

अण्णा रडता रडता हसले. आबांनी त्यांना ओढून जवळ घेतलं. "मेल्यावर तू कसा रडशील, ते जित्तेपनी बघाय मिळालं. कुनाच्या नशिबात असतंय? भामे, ऊट आता, चहा टाक!"

भामाबाई ताडकन उठल्या.

त्याच जीपनं आबा मिरजगावला गेले आणि ओंकारच्या वडिलांपुढं बसून पुन्हा दोन प्लेट भजी खाल्ली. एवढा पुरावा पुरला. लग्न सोळालाच ठरलं. मी फुकट नव्या पत्रिका छापून देतो म्हणालो, तर आबांनी हात जोडले. "नगं बाबा. आता एकदाच मेलोय, तेवढं बास."

लग्नात माईकवरच्या गुरुजींनी सत्काराची नावं थेट पत्रिकेतून वाचायला घेतली आणि पुकारलं, "कैलासवासी रंभाजीआबा यांनी कृपया स्टेजवर यावं!" आबा मांडवभर हात हलवत, ऐटीत गेले. आणि स्वतः फेटा न बांधून घेता त्यांनी पहिला फेटा अण्णांच्या डोक्यावर बांधला. अश्विनी बोहल्यावरून ते बघत होती. मला अजून ते आठवलं की बरं वाटतं. आणि नीट विचार केला, तर हे सगळं माझ्या नव्या आवृत्तीमुळेच घडलं की!

महिन्याभरानं आबा स्वतः माझ्याकडे पत्रिका छापून घ्यायला आले. त्यांच्या धाकट्या मुलाचं, राधाकृष्णचं लग्न. दीडशे नावं त्यांनी तोंडपाठ सांगितली, मी भराभर टाईप केली. शेवटी आबा म्हणाले, "आता स्वर्गीय आशीर्वाद. कैलासवासी योगेश, ऑफसेटवाले."

"आबा! मी जिवंत आहे!"

"असू दे की! तुजा आतला इसरंल फुडल्या टायमाला." आणि मिशीतल्या मिशीत हसत ते एसटी गाठायला निघून गेले.

मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. म्हटलं, ज्या सोयीनं घोटाळा केला, तीच सोय आता कामाला लावू. सकाळी कोऱ्या कॉम्प्युटरवर मी स्वतः 'पक्कं' केलं होतं. त्यामुळे आतला कॉम्प्युटर बंद केला. तोच इंग्रजी प्रश्न आला. या वेळी पूर्ण वाचला. दोनदा वाचला. कच्चं टाकून देऊ का? टाक! माझा 'कै.' गेला! पुन्हा चौकोन उघडला, स्वच्छ, कोरा.

"बघा काकासाहेब! याला म्हणतात अक्कल!"

काकासाहेब चष्मा पुसत जवळ आले आणि पडद्यात डोकावले.

"मालक," ते म्हणाले, "पन ती बाकीची दीडशे मान्सं कुटं गेली?"

एसटी स्टँड आमच्या प्रेसपासून अर्धा मैल आहे. मी धावत गेलो. सुप्याची गाडी नुकतीच सुटली होती.