खिंडारातून गेलेल्या लाल रेघेची बखर

“या सभेतलं कोण या मैदानातून रोज पायी चालतं? हात वर करा!” हा प्रश्न भर सभेत महाराजांच्या समोर उभे राहून विचारावा, विचारला तर दोन प्लेट पाणीपुरी, न विचारला तर दहावी सरेपर्यंत भित्री भागूबाई ही पदवी, ऐशी पैज आमच्या दोघी सख्यांनी घातली, आणि तेथून या राज्यात जो हलकल्लोळ जाहला त्याची ही बखर. प्रथम वंदन पायांस, जे रोज चालतात आणि कोणास सांगत नाहीत. मग वंदन वाचणारांस. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, कार्तिक मासी, सहामाहीचा निकाल लागून चार दिवस जाहले असता हे वर्तमान घडले. लिहिणार कोण ते पुसू नये, बखरकारास नाव नसते. इतकेच सांगतो की आम्ही नववीत आहोत, गेल्या महिन्यात वक्तृत्वात ढाल पटकाविली आहे, आणि तेव्हापासून गणिताच्या बाई वगळता आम्हांस कोणाचेही भय उरलेले नाही.

राज्याचे वर्णन ऐसे. चार बुरूज, प्रत्येकी अकरा मजले, ए पासून डी पर्यंत नावे. बुरुजांच्या मागे थोरले मैदान, त्यात गाजरगवत आणि एक मोडकी घसरगुंडी. मैदानाच्या शेवटी तटबंदी, तटबंदीस एक खिंडार, माणूस अंग चोरून जाईल इतके. खिंडारापलीकडे जुना कालवा आणि कालव्याकाठी बैठ्या घरांची वस्ती. राज्याचे अधिपती म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, सलग तिसऱ्यांदा बिनविरोध, कारण दुसरे कोणी उभेच राहत नाही. ते आमचे तीर्थरूप. राणीसाहेब आमच्या मातुःश्री. त्या सभेत कधी बोलिल्या नाहीत, मागे उभे राहून चहा सर्वांस पोचला की नाही ते पाहावे, इतकाच त्यांचा कारभार. तर वार्ता ऐशी आली की पालिकेने मैदानाची बाग करावी आणि चालावयास वाट काढावी असे मनावर घेतले आहे, आणि हे रहिवाशांस पुसून करावे म्हणून देवयानी इंगवले नामे नगररचनाकार पाठविल्या आहेत. महाराजांनी तोवर आपला आराखडा सिद्धही केला होता. मैदानात गोल जॉगिंग ट्रॅक, मध्ये कारंजे, आणि खिंडार विटांनी बुजवून वर काचा. पुढल्याच्या पुढल्या सोमवारी गवंडी येणार हेही ठरले, आणि हे ऐकून आमची सखी तस्नीम पांढरीफटक पडली. ती वस्तीत राहते आणि खिंडारातून सात मिनिटांत शाळेस येते. खिंडार बुजले तर हायवेने वळसा, ट्रकांना खेटून, पाऊण तास. “अब्बू म्हणाले, त्या रस्त्यानं नाही पाठवणार. सरळ शाळाच बदलू,” ऐसे ती बोलिली आणि मधल्या सुट्टीत तिने डबा उघडलासुद्धा नाही. तेव्हा दुसरी सखी ओवी, जी आमच्याच ए बुरुजात चौथ्या मजल्यावर राहते, ती म्हणाली, “ढाल घेऊन मिरवतेस ना? मग विचार की तुझ्या बाबांना. की तिथे तोंडाला कुलूप?” आणि पैज लागली.

मग रविवारी क्लबहाउसात सभा भरली, महाराजांनी पडद्यावर कारंजे दाखविले, सी बुरुजाचे नाडकर्णी आजोबा म्हणाले की कारंज्यास रंगीत दिवे हवेत, कोणी म्हणाले तिथे पार्किंगच करा, आणि कोणी म्हणाले की कुत्र्यांस बंदी हवी, त्यावर कुत्रेवाले उठून उभे राहिले. इतक्यात आम्ही उभे राहिलो. आणि प्रश्न विचारिला. काय सांगू! एकही हात वर नाही. नाडकर्णी आजोबांचा अर्धा वर गेला, सर्वांनी वळून पाहिले, तर ते म्हणाले, “छे छे, मी कान खाजवत होतो.” मागे कोणाच्या तरी हातातून बशी पडून फुटली, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. महाराज दातांवर दात ठेवून बोलिले, “खाली बस. घरी बोलू.” परंतु देवयानीबाई उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ती बरोबर बोलतेय. जिथे कोणी चालतच नाही, तिथे मी ट्रॅक कोणासाठी काढू? आधी तुम्ही चालून दाखवा.” मग त्यांनी आपला बेत सांगितला तो ऐसा, की मैदानावर खेळाच्या रेषा आखावयास जी फक्की मारतात तिच्या पिशव्या घरोघर द्याव्या, पिशवीस बारीक भोक, ती कमरेस बांधावी, आणि येत्या रविवारी पहाटेपासून दहापर्यंत ज्याने त्याने नेहमी चालतो तसेच चालावे. पुरुषांस पांढरी फक्की, बायकांस गेरू मिसळून लाल, मुलांस नीळ घालून निळी. रेघा पडतील, त्या गच्चीवरून सर्वांनी पाहाव्या, आणि वाट तिथे काढावी. पिशव्या पलीकडच्या वस्तीतही वाटणार, हे ऐकून सभेत कुजबुज जाहली, तरी महाराजांनी मान्यता दिली, कारण त्यांस खात्री होती की सर्व रेघा गोलच पडणार.

तो रविवार उजाडला. महाराज पाच वाजताच उठले आणि आम्हांस पांघरुणातून ओढून काढून म्हणाले, “अध्यक्षाच्या घरातूनच कोणी टाळाटाळ केली तर लोक काय म्हणतील?” आणि सर्वांच्या पिशव्या स्वहस्ते बांधिल्या. मातुःश्री नित्याप्रमाणे सहास दूध आणावयास निघाल्या होत्या, दाराशी किटली हातात, त्यांच्या कमरेसही महाराजांनी लाल फक्कीची पिशवी बांधून गाठ पक्की केली. त्या जरा थांबल्या आणि त्यांनी पुसले, “नेहमी चालते तशीच चालू ना?” महाराज म्हणाले, “अगं, तेच तर सांगतोय! अगदी नेहमी चालतेस तशीच.” मग त्या गेल्या, आणि आम्ही पुन्हा जाऊन निजलो, हे आमचे आयुष्यातील सर्वांत मोठे दुर्लक्ष. पुढे सात वाजता राज्यातील पुरुषांनी जो पराक्रम गाजविला तो अवर्णनीय होय. लिफ्ट बंद म्हणून पहिल्या मजल्यावर जिना चढावयास ज्यांस धाप लागते ते नवे बूट घालून मैदानात गोल गोल फिरू लागले, कोणी आठ फेऱ्या, कोणी बारा, आणि नाडकर्णी आजोबांनी तीन मारून चौथीस फक्कीच्या ढिगावरच बैठक मारली. गाजरगवतामुळे सारे शिंकत होते. ओवी गॅलरीतून ओरडली, “काका, नेहमीसारखं चाला! नेहमी तर तुम्ही टपरीपर्यंत स्कूटरनं जाता!” परंतु कोणी ऐकेना.

मग अकरा वाजता सारे राज्य ए बुरुजाच्या गच्चीवर चढले आणि कठड्यावरून खाली पाहिले. पांढरी रेघ एकावर एक पडून जाड कडे जाहले होते, अगदी आराखड्यातल्यासारखे, आणि महाराज मिशीत हसले. आम्हां मुलांच्या निळ्या रेघा घसरगुंडीशी गुंता होऊन पडलेल्या. बायकांच्या लाल रेघा मैदानात नाहीतच, त्या साऱ्या बाहेरच्या रस्त्याने भाजीवाल्यापर्यंत, देवळापर्यंत, तटबंदीस धरून. एवढेच पाहून आम्ही कठड्यावर आणखी वाकलो, कारण इतकी वर्षे गच्चीवर येतो आणि मैदानात एकही बाई नसते हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. परंतु धक्का अजून पुढेच होता. “ए, ती बघ!” ओवीने आमचा दंड इतका दाबला की वळ उठला. एक लाल रेघ, एकच, आमच्या ए बुरुजाच्या दारातून निघून, पांढऱ्या कड्यास मधोमध छेदून, सरळ खिंडारात गेलेली, आणि पलीकडे कालव्याच्या काठाकाठाने, वस्तीतून आलेल्या लाल निळ्या रेघांत मिसळून, झाडांच्या आड दूरवर दिसेनाशी जाहलेली. ना घुटमळ, ना थांबा. ज्याची वाट पाठ आहे त्याचीच रेघ ऐशी पडते. गच्चीवर एकच कल्लोळ माजला. “सातव्या मजल्यावरची नवी भाडेकरू असेल,” कोणी म्हणाली. “तिच्याच अंगात आहे असलं,” दुसरी म्हणाली. महाराज गरजले, “ए विंगमधून खिंडारातून कोण जातं? मी इथे भिंत घालतोय आणि माझ्याच बिल्डिंगमधली बाई? कोणाची रेघ आहे ही?”

“माझी.”

हा शब्द मागून आला, चहाच्या थर्मासजवळून. मातुःश्री उभ्या होत्या, कमरेस पिशवी अजून तशीच, आणि साडीच्या काठास लाल धूळ. आम्ही खरेच सांगतो, त्या क्षणी कठडा नसता तर आम्ही खाली गेलो असतो. महाराजांचा चेहरा, तो आम्ही कसा वर्णावा! दहावीचा निकाल चुकीच्या मुलाचा हाती आल्यासारखा. “तू?” ते म्हणाले. “तू तर दूध आणायला जातेस!” त्या म्हणाल्या, “दूधही आणते. पलीकडच्या गोठ्यावरचं. तुम्हीच म्हणता ना, साय चांगली येते?” “कधीपासून?” “ही पहिलीत गेली तेव्हापासून. सहाला निघते, पुलापर्यंत जाते, सातला येते.” आठ वर्षे! आठ वर्षे आम्ही समजत होतो की या राज्यात दूध फार लांब मिळते! महाराज म्हणाले, “मग त्या दिवशी हात का नाही वर केलास?” त्यावर त्या म्हणाल्या, “हातात बशी होती. तीही फुटली.” आणि मग, ज्या कधी बोलत नाहीत त्या बोलू लागल्या, आवाज न चढविता, पोळ्या लाटताना बोलावे तशा. “इथे एक फेरी मारून बघा माझ्यासारखी. वहिनी, लिफ्ट कधी दुरुस्त होणार. वहिनी, साहेबांना सांगा पाणी येत नाही. वहिनी, वरच्यांनी कुंडी ठेवलीय. पाच पावलांत पाच तक्रारी. तिकडे मला कोणी वहिनी म्हणत नाही.” देवयानीबाईंनी हळूच पुसले, “मग काय म्हणतात?” मातुःश्री जरा लाजल्या आणि म्हणाल्या, “वैजू.” त्यांचे नाव वैजयंती आहे. घरात ते रेशनकार्डावर असते. नाडकर्णी आजोबा, जे त्यांस कालच फाटकात अडवून गळक्या पाइपाचे सांगत होते, ते आपल्या बुटांकडे पाहू लागले.

देवयानीबाईंनी वही काढिली आणि म्हटले, “वैजूताई, वाट कशी हवी?” आणि मातुःश्रींनी सांगितले, आणि सांगितले ते ऐसे, की पहिल्या वळणावर पावसात पाणी तुंबते, तिथे फरशी नको, मुरूम टाका. गोठ्यापुढे तीन करंज आहेत, तिथेच बाक हवे, उन्हातही गार असते, पण बाकाचे तोंड पाण्याकडे करा, रस्त्याकडे केले तर बायका बसणार नाहीत. पुलाखालचा दिवा गेल्या दिवाळीपासून बंद आहे. आणि शाळेच्या मुली साडेसहाला येतात, त्यांच्या पाठीवर दप्तरे असतात, म्हणून खिंडार बुजवायचे नाही, रुंद करायचे. “ती उंच मुलगी रोज अडकते,” त्या म्हणाल्या. उंच मुलगी म्हणजे तस्नीम! म्हणजे आमची आई आमच्या सखीस रोज भेटते, आणि तस्नीमला ठाऊक नाही की तिची ही वाटेवरची वैजूमावशी कोणाची आई, आणि आम्हांस तर काहीच ठाऊक नाही. आम्हांस रागही आला, खोटे का बोला. आम्ही काय खाल्ले, कोणाशी बोललो, फोनमध्ये काय पाहिले, हे सारे ज्यांस सांगावे लागते, त्यांनी एक अख्खा कालवा आमच्यापासून लपवून ठेवावा? करंज म्हणजे कोणते झाड हेही आम्हांस येत नाही! परंतु त्या बोलत असता त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि राग कुठल्या कुठे गेला, कारण ढाल घेताना आमचेही तोंड ऐसेच दिसत होते, फोटो आहे.

महाराज मात्र जिना उतरून गेले. दुपारी जेवताना वरणात भात कालवीत ते म्हणाले, “भिंतीचं पत्र पालिकेला लिहून झालंय. उद्या गवंडी येतोय. आता मागे घेतलं तर सगळे म्हणतील, अध्यक्ष बायकोला घाबरला.” मातुःश्री म्हणाल्या, “आणि नाही घेतलं तर?” महाराज म्हणाले, “अगं, तुझ्यासाठीच गोल ट्रॅक बांधतोय की! चाल ना, हवं तेवढं चाल!” त्या म्हणाल्या, “त्यावर मी वहिनीच राहीन.” आणि ताटे उचलून आत गेल्या. महाराज तसेच बसून राहिले, हात वाळेपर्यंत.

एकूण सारांश इतकाच, की राज्याने वाट कुठे काढावी म्हणून सर्वांस पुसले, आणि जी एकटी आठ वर्षे चालत होती तिला पुसावयाचे राहिले. पाणीपुरी मिळाली, तिखट होती. पुढे काय होते ते उद्या सकाळी ठरेल, परंतु आम्ही आमचे ठरविले, आणि आज चार वाजता आईस स्वयंपाकघरातून व बाबांस गॅलरीतून बोलावून, दोघांस सोफ्यावर शेजारी बसवून, ढाल मिळाली त्या दिवशीसारखे सरळ उभे राहून सांगितले ते येणेप्रमाणे:

“बाबा, मी देवयानीबाईंकडे पालिकेचा हरकतीचा फॉर्म भरून दिलाय. माझ्या नावानं. हरकत भिंतीला आहे, तुम्हाला नाही. फॉर्ममध्ये ‘हरकत कोणाला नाही’ असा रकानाच नव्हता, मी पेनानं वाढवला. आणि उद्या सहाला मी आईबरोबर निघणार. तिकडून तस्नीमला घेऊन खिंडारातूनच शाळेत येणार, गवंडी आला असेल तर त्याला थांबायला लागेल, कारण आम्ही तिघी हळूहळू येऊ. तुम्हाला यायचं असेल तर या, पण पिशवी न बांधता. आणि आई, तू घाबरू नकोस. दहा पावलं मागून चालेन. आणि पलीकडे गेल्यावर मी तुला आई म्हणून हाक मारणार नाही.”